पडद्यावरची आई तर आधीही होतीच, मग बदललं काय? एका संशोधनप्रश्नाची गोष्ट

माझ्या सिनॉप्सिसच्या सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर एक वाक्य होतं : ‘गेल्या दशकात मराठी चित्रपट आणि मालिकांमधल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या भूमिका वाढल्या आहेत.’ हे वाक्य मला इतकं उघड वाटत होतं की त्याला पुरावा द्यावा लागेल हे डोक्यातच आलं नव्हतं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “वाढल्या म्हणजे? आधी नव्हत्या का? मी तर लहानपणापासून पडद्यावर आईच बघत आलेय.”

मी ‘बाईपण भारी देवा’, ‘झिम्मा’, ‘अग्गंबाई सासूबाई’ अशी तीन नावं घेतली. त्या म्हणाल्या, “ही उदाहरणं झाली. प्रश्न कुठाय?”

त्या दिवशी खूप राग आला होता. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर ती मालिका बघता बघता म्हणाली, “बरोबरच बोलल्या त्या.” आज दोन वर्षांनी मलाही तसंच वाटतं. ते एक वाक्य दुरुस्त करताना मी जे शिकले ते या लेखात मांडतेय. तुमचा विषय सिनेमा नसला तरी हरकत नाही. ‘अमुक गोष्ट बदलली आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक विषयाला हीच वाट चालावी लागते.

‘ज्येष्ठ’ म्हणजे नेमकी कोण?

सगळ्यात आधी व्याख्येची अडचण आली. आपल्याकडे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा साठ वर्षांची रेघ मारतो. ती रेघ मी उचलली आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडले. कारण पडद्यावर वय वेगळ्याच हिशेबाने चालतं.

‘जॉनी मेरा नाम’ (1970) घ्या. त्यात देव आनंद आणि प्राण भाऊ आहेत आणि त्यांची आई आहे सुलोचनाबाई. प्राण यांचा जन्म 1920 चा, देव आनंद यांचा 1923 चा आणि सुलोचनाबाईंचा 1928 चा. म्हणजे आई दोन्ही मुलांपेक्षा लहान! ‘दीवार’मध्ये (1975) निरुपा रॉय अमिताभ बच्चन यांच्यापेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. ‘अग्निपथ’मध्ये (1990) अमिताभ यांच्या आईची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी तर त्यांच्याहून वयाने लहान.

मग माझ्या तक्त्यात ‘वय’ या एका रकान्याचे तीन रकाने झाले. पहिला, अभिनेत्रीचं खरं वय. दुसरा, पात्राचं वय. तिसरा, पात्राचं नात्यातलं वय, म्हणजे कथेत तिला मोठ्या मुलाची आई, सासू किंवा आजी केलं आहे का. आपल्या पडद्यावर बाई ‘ज्येष्ठ’ होते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या रकान्यामुळे. केस पांढरे होण्याआधी ती सासू झालेली असते. माझ्या प्रबंधात मी हीच कार्यकारी व्याख्या धरली : कथेत जिला कमावत्या किंवा लग्नाच्या वयाच्या अपत्याची आई, सासू अथवा आजी म्हणून उभं केलं आहे, ती ज्येष्ठ. जिला मूलबाळ नाही किंवा जिचं लग्नच झालेलं नाही, तिच्यासाठी पात्राचं वय पन्नास किंवा अधिक ही जोडअट. कार्यकारी व्याख्या म्हणजे काही शब्दकोशातली अंतिम व्याख्या नव्हे. ‘या अभ्यासापुरतं मी असं मोजणार आहे’ असा तो करार असतो. तो लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच तक्ता तुम्हाला ओळखू येणार नाही.

उसना सिद्धांत अंगाला बसतो का बघा

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. वाचनाची सुरुवात मी पाश्चात्त्य अभ्यासापासून केली. सुसान सोंटाग यांनी 1972 साली वाढत्या वयाच्या दुटप्पी मापदंडाबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : देखणेपणाची दोन मापं पुरुषाला मिळतात, मुलाचं आणि पुरुषाचं. बाईला एकच मिळतं, मुलीचं. ते वय ओलांडलं की तिच्यासाठी मापच उरत नाही. पुढे 1978 साली गे टकमन यांनी प्रसारमाध्यमं बाईला कशी वगळतात, क्षुल्लक ठरवतात याची मांडणी ‘प्रतीकात्मक उच्चाटन’ या संकल्पनेतून केली. (हा शब्द त्याआधी जॉर्ज गर्बनर यांनी वापरला होता.) या सगळ्यातून मी एक सूत्र काढलं : ज्येष्ठ बाई पडद्यावर अदृश्य असते. आणि ते तसंच आपल्याकडे चिकटवलं.

पण आपल्याकडे ती अदृश्य कधी होती? आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (1953) आठवा. त्याला चित्रपटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि त्याच्या केंद्रस्थानी वनमालाबाईंनी केलेली आई आहे. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (1960) दुर्गाबाई खोटे जोधाबाई आहेत. ललिता पवारांची तर गोष्टच वेगळी. 1942 मध्ये एका चित्रीकरणात मारलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेची वाट बंद झाली आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी सासू, आई, घरमालकीण अशा भूमिकांनी पडदा व्यापला. ‘अनाडी’मधल्या (1959) मिसेस डिसा आणि दूरदर्शनवरच्या ‘रामायण’मधली मंथरा यांना ‘अदृश्य’ कोण म्हणेल?

म्हणजे मॅडमचं बरोबर होतं. ती होतीच, आणि भरपूर होती. म्हणून ‘किती दिसते’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. जिथे ती दिसतच नव्हती तिथे डोकी मोजणं हे मोठं काम आहे. आपल्याकडे मोजायला वेगळं काही हवं होतं.

दोन खोल्यांचं घर

मग मी जुने चित्रपट पुन्हा बघताना एकच प्रश्न वहीत लिहून बसू लागले : ही बाई या कथेत स्वतःसाठी काय मागते?

उत्तरं थक्क करणारी होती. जुन्या पडद्यावरच्या ज्येष्ठ बाईला ढोबळमानाने दोन खोल्या मिळाल्या होत्या. एका खोलीत सोशिक आई आणि दुसऱ्या खोलीत खाष्ट सासू. आई मागते ती मुलासाठी. त्याचं शिक्षण, त्याचं चारित्र्य, त्याचं परत येणं. ‘श्यामची आई’मध्ये तर आई आपल्याला भेटते तीच मुलाच्या आठवणीतून. सासू मागते ते घरावरचं राज्य. वरवर या दोघी विरुद्ध टोकं वाटतात, पण दोघींचीही मागणी घराच्या उंबऱ्याआत आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नात्याने ठरलेली आहे. नात्याचा धागा काढून घेतला तर पात्र उरतच नाही.

इथे मला माझा खरा प्रश्न सापडला. संख्येबद्दलचं वाक्य खोडलं आणि लिहिलं : ‘मराठी पडद्यावरच्या ज्येष्ठ स्त्रीपात्रांची इच्छा कशाबद्दल असते, आणि ती पूर्ण व्हायला कथा कोणत्या अटी घालते?’ पहिलं वाक्य टाळ्या मिळवणारं होतं. दुसऱ्यावर काम करता येतं.

एक गोष्ट स्थिर ठेवा, दुसरी हलू द्या

आता बदल दाखवायचा कसा? प्रयोगशाळेत एक चल स्थिर ठेवून दुसरा बदलतात. आपल्याला तशी सोय नसते, पण कधीकधी इतिहासच प्रयोग मांडून ठेवतो.

रोहिणी हट्टंगडी यांची कारकीर्द हा असा एक मांडलेला प्रयोग आहे. त्या तरुणपणापासून ज्येष्ठ स्त्रिया साकारत आल्या. ‘गांधी’मधल्या (1982) कस्तुरबा, पाठोपाठ ‘सारांश’मधली (1984) मुलगा गमावलेली वृद्ध आई. तेव्हा त्या स्वतः तिशीच्या आसपास होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याची भूमिका करणारे अनुपम खेरही. पुढे ‘अग्निपथ’. 2001 पासून ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’. ही मालिका 2013 पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालली. मग ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये (2013) घराचा आणि गृहउद्योगाचा कारभार पाहणारी आजी. आणि 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’तल्या सहा बहिणींपैकी थोरली. अभिनेत्री एकच, वयोगट जवळपास एकच. बदलत जाते ती इच्छा : मुलाचा पुनर्जन्म व्हावा, मुलाने सन्मार्गाला लागावं, घर आपल्या हातात राहावं, आणि शेवटी बहिणींबरोबर मंगळागौर खेळावी.

‘चार दिवस सासूचे’ या नावाकडेही जरा थांबून बघा. म्हण पुरी केली तर पुढचे चार दिवस सुनेचे. या म्हणीत सत्ता पाळीपाळीने मिळते, पण खेळाचं मैदान घरच राहतं. म्हणजे ज्येष्ठ बाई केंद्रस्थानी आली हा बदल नक्कीच मोठा, पण तिची मागणी अजून जुन्या खोलीतलीच होती. ‘केंद्रस्थानी असणं’ आणि ‘स्वतःसाठी काही मागणं’ हे दोन वेगळे रकाने आहेत हे मला इथे कळलं.

दुसरा प्रयोग याहून नेटका आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’ आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ (2019) या दोन्ही मालिका झी मराठीवरच्या आणि दोन्हींत सून तेजश्री प्रधान. पहिलीत सुनेला एकाच घरातल्या सहा सासवांना जिंकायचं आहे. सहा वर्षांनी तीच अभिनेत्री पुन्हा सून होते आणि विधवा सासूचं लग्न लावून देते. तीच वाहिनी, तोच चेहरा, उलटं काम. निवेदिता सराफ यांची आसावरी सुरुवातीला सासऱ्यांना आणि मुलाला जपण्यातच गढलेली असते. आणि कथा तिला विचारते, तुला काय हवंय?

त्याच वर्षाच्या अखेरीला स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली. मूळ बंगाली ‘श्रीमयी’ची ही मराठी आवृत्ती. त्याच मुळावरून पुढे हिंदीत ‘अनुपमा’ आली. म्हणजे ‘मराठी माणसाची मानसिकता बदलली’ असं एकट्या मराठीवरून म्हणता येणार नाही. एकच कथा तीन भाषांत चालते तेव्हा कारण निर्मितीच्या व्यवहारातही शोधावं लागतं.

माझं ‘गेल्या दशकात’ हे शब्दही टिकले नाहीत. शिवाजी साटम आणि नीना कुलकर्णी यांचा ‘उत्तरायण’ उतारवयातल्या सोबतीची गोष्ट सांगत होता तो या मालिकांच्या कितीतरी आधी. जयवंत दळवींच्या नाटकावर तो बेतलेला, म्हणजे मूळ गोष्ट आणखी जुनी. बदल अमुक तारखेला सुरू झाला असं लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तारीख लिहिण्याआधी तिच्या मागे दहा वर्षं जाऊन बघा.

परवानगीचं दृश्य

आता मुख्य मुद्दा. या नव्या कथा सलग बघताना मला एक जागा पुन्हा पुन्हा दिसू लागली. मी तिला ‘परवानगीचं दृश्य’ म्हणते. ज्येष्ठ बाईची इच्छा पूर्ण होण्याआधी कथेत कुणीतरी किंवा काहीतरी तिला तसा परवाना देतं.

‘अग्गंबाई सासूबाई’त परवाना सून देते. ‘आई कुठे काय करते’मध्ये तो नवऱ्याच्या प्रतारणेतून येतो. अरुंधतीने घराबाहेर पाऊल टाकायला आधी तिच्यावर अन्याय व्हावा लागतो. माधुरी दीक्षितच्या ‘बकेट लिस्ट’मध्ये (2018) तर इच्छाच उसनी आहे. हृदय प्रत्यारोपण झालेली गृहिणी ते हृदय देऊन गेलेल्या तरुण मुलीची यादी पुरी करते. ‘झिम्मा’त (2021) सहलीचा परवाना आहे. घरापासून दूर, इंग्लंडमध्ये, मोजक्या दिवसांपुरता. ‘बाईपण भारी देवा’त मंगळागौरीच्या स्पर्धेचा. मंगळागौर हा मुळात परंपरेनेच बायकांना दिलेला रात्रभर खेळण्याचा परवाना. आणि झिम्मा हासुद्धा त्यातलाच एक खेळ. योगायोग असेल, पण नोंदवण्यासारखा आहे.

हे लक्षात आलं तेव्हा मी जाम खूश झाले. आपल्याला काहीतरी सापडलं! लगेच मसुद्यात लिहून टाकलं की हे बंड दिखाऊ आहे, पितृसत्ता फक्त कपडे बदलून आली आहे वगैरे. वाक्यं झोकदार होती.

मग आईला सांगितलं. ती गव्हाच्या पिठात हात घालून उभी होती. म्हणाली, “मग त्यात काय? आमच्यात विचारल्याशिवाय कोण कुठे गेलंय?”

मला उत्तर सुचेना. ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा ती भिशीतल्या बायकांबरोबर गेली होती. त्या दिवसांत ठिकठिकाणी बायका नटूनथटून, गटागटाने थिएटरात जात होत्या, त्यातलाच हा एक गट. पण निघण्याआधी तिने बाबांना दोनदा सांगितलं होतं, भाजी फ्रिजमध्ये आहे, कुकर फक्त लावायचा. तेही एक परवानगीचं दृश्यच होतं आणि मी त्याच घरात असून ते पाहिलं नव्हतं. मी ज्याला कथेचा दोष म्हणत होते ते तिच्यासाठी कथेचं हँडल होतं, जिथे धरून तिला आत शिरता येत होतं. परवानगीशिवाय निघून जाणारी नायिका तिला कदाचित आवडली असती, पण स्वतःसारखी वाटली नसती.

म्हणून मसुद्यातला तो परिच्छेद मी काढला. निरीक्षण ठेवलं, निकाल काढला. ‘परवानगीचं दृश्य आहे’ हे मी तक्त्यातून दाखवू शकते. ‘म्हणून हे बंड खोटं आहे’ हे दाखवायला मला प्रेक्षकांशी बोलावं लागेल. पडद्यावर काय आहे आणि बघणारीने त्याचं काय केलं, हे दोन अभ्यास आहेत.

विरुद्ध उदाहरण मुद्दाम शोधा

आपल्या मुद्द्याला सोयीची उदाहरणं आपोआप सापडतात. न बसणारी शोधावी लागतात. मला दोन सापडली.

पहिलं ‘फोटो प्रेम’ (2021). नीना कुलकर्णी यांच्या नायिकेला फोटोची भीती आहे आणि आपल्यामागे आपला एक बरा फोटोही उरणार नाही, ही काळजी तिला लागते. इच्छा केवढी लहान! इथे परवाना कुणाकडे मागायचा हाच प्रश्न आहे, कारण ही गोष्ट मोठ्याने बोलायलाही संकोच वाटतो. त्यामुळे ‘परवाना मिळालेली इच्छा’ याच्या शेजारी मला ‘मनात ठेवलेली इच्छा’ असा नवा कोड करावा लागला.

दुसरं उदाहरण हिंदीतलं, पण भूमिका आपल्या छाया कदम यांची. ‘लापता लेडीज’मधली मंजू माई. स्टेशनवर चहाचा ठेला चालवते, एकटी राहते. तिच्या जिवावर जगून तिलाच मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला तिने केव्हाच बाहेर काढलंय. तेही पडद्याबाहेर, कथा सुरू होण्याआधी. कुणी तिला परवाना दिला नाही आणि तिने मागितलाही नाही. मग मी पुन्हा यादी बघितली. परवाना लागणाऱ्या बहुतेक जणी शहरी, मध्यमवर्गीय, घर नीट चालणाऱ्या. मंजू माई रोजची कमाई रोज हातात घेणारी. म्हणजे मी ज्याला वयाचा प्रश्न समजत होते त्यात वर्गाचा प्रश्न मिसळलेला आहे का? तक्त्यात आणखी दोन रकाने वाढले : ‘स्वतःची कमाई’ आणि ‘राहतं घर कुणाच्या नावावर’. दुसरा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, कारण कथा ते सांगतच नाही. रिकामा रकाना हीसुद्धा माहितीच असते. आणि शेतात, गिरणीत, बाजारात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या बायकांसाठी या ‘नव्या’ भूमिकांत जागा किती, हा प्रश्न तर अजून माझ्या वहीत मोकळाच आहे.

तुमच्या कामासाठी

आता हे सगळं तुमच्या विषयाला लावून बघा.

विषयाच्या वाक्यात ‘वाढलं’, ‘बदललं’, ‘सुधारलं’ असा शब्द असेल तर त्याच्यापुढे लिहा : काय, कशाच्या तुलनेत, केव्हापासून. तिन्हींची उत्तरं नसतील तर तुमच्याकडे अजून विषयच आहे, प्रश्न नाही.

दुसऱ्या देशातला सिद्धांत वापरताना तो कोणत्या अडचणीवर उत्तर म्हणून जन्मला ते आधी समजून घ्या. आपली अडचण वेगळी असेल तर सिद्धांत टाकायचा नाही, पण कुठे बसत नाही ते लिहायचं. बरेचदा तुमचं योगदान तिथेच असतं.

आणि एक छोटा सराव. घरात रोज लागणाऱ्या कुठल्याही मालिकेचे पाच भाग घ्या. त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ स्त्रीपात्राचं प्रत्येक वाक्य ऐका आणि दोनच गोष्टी लिहा : ती काही मागतेय का, आणि कुणासाठी. पाच भागांनंतर तुमच्याकडे एक तक्ता असेल आणि तुमच्या मूळ मतापेक्षा वेगळं काहीतरी त्यात नक्की असेल.

शेवटचं. आईचं ते पिठातलं वाक्य प्रबंधात घ्यायचं ठरवलं तेव्हा गाइड म्हणाल्या, संमतीपत्रावर सही घे, घरची असली तरी. मी फॉर्म घेऊन गेले. आईने चष्मा लावून पूर्ण वाचला, दोन शंका विचारल्या आणि सही केली. मग म्हणाली, “नाव नको घालूस. आणि पुढच्या महिन्यात आम्ही भिशीवाल्या चार दिवस कोकणात जातोय, हे तुझ्या बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. आधी तिकिटं काढलीत.”

या नोंदीला कोणता कोड द्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.